सायकल बाजूनेही दिसली पाहिजे: स्पोकच्या नळ्या, चाकाचे दिवे आणि रेडियम

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त काय घ्यायचं एवढंच हवंय त्यांचं काम होईल. रात्री सायकल बाजूने दिसावी म्हणून पैसे खर्चायचे असतील, तर आधी स्पोकवर बसणाऱ्या रिफ्लेक्टरच्या नळ्या घ्या, मग घोट्याला बांधायच्या चकाकत्या पट्ट्या, आणि त्यानंतर चाकाचा दिवा. व्हॉल्व्हच्या टोपणातले चमचमणारे दिवे घेऊ नका. हे कशावरून म्हणते ते आता सविस्तर सांगते.

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दुपारची पाळी असली की सुटायला रात्रीचे दहा वाजून जातात आणि मिरजेहून सांगलीतल्या विश्रामबागेला मी माझ्या लेडीज सायकलने येते. हा रस्ता सांगली-मिरजकरांना वेगळा सांगायला नको. सतत वाहता, दोन्ही बाजूंना दुकानं, हॉस्पिटलं, आणि थोड्या-थोड्या अंतरावर आत जाणारे कॉलन्यांचे रस्ते. मागून येणाऱ्या गाडीपेक्षा मला धास्ती असते ती या आतल्या रस्त्यांवरून न थांबता बाहेर येणाऱ्या स्कुटरची. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यात ट्रॅक्टरची भर पडते, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस. ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा हंगामाच्या तोंडावर होतात, त्या फार मोलाच्या आहेत. सायकलवाल्याला मात्र हे आपलं आपणच बघावं लागतं.

पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा माझ्याकडे आहेत आणि ते सगळ्यात आधी लागतात, यात वादच नाही. पण या दोन्हींचा उजेड पुढे किंवा मागे जातो. आडव्या रस्त्याने येणाऱ्याला दिसते ती काळी फ्रेम, काळे टायर आणि अंधारात रंग हरवलेला आपला ड्रेस. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चालकाने बघून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला म्हणजे २० मीटर संपले, आणि पुढे गाडी थांबायला आणखी पंधरा-वीस मीटर. तेव्हा मी त्याला ४० मीटरवरून तरी दिसायला हवी. आणि नुसतं काहीतरी चमकतंय असं नव्हे, तर सायकल आडवी चालली आहे हे त्याला कळायला हवं. चाकाला काहीही घेताना मी हीच एक कसोटी लावली.

घरात सायकली तीन. माझी लेडीज, मुलाची गिअरची, आणि बाबांची अठ्ठावीस इंची काळी, जी ते अजूनही रोज पहाटे फिरायला काढतात. तिघांच्या गरजा वेगळ्या म्हणून सामानही वेगवेगळं लागलं. तपासायची पद्धत साधी ठेवली. आमच्या कॉलनीच्या मागे एका तुकड्यावर दिवे नाहीत. तिथे टेपने मोजून २०, ४० आणि ६० मीटरवर खडूच्या खुणा केल्या. मी स्कुटरचा हेडलाइट डिपरवर ठेवून बसायचे आणि मुलगा समोरून आडवी सायकल न्यायचा. दरवेळी मोबाईलवर व्हिडिओ घेतला, कारण डोळे अंधाराला सरावतात आणि मग सगळंच चांगलं दिसायला लागतं.

सायकलबरोबर फुकट येणाऱ्या प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरपासून सुरुवात करते. स्पोकमध्ये अडकवलेली ती पिवळी किंवा पांढरी चपटी वडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नवी सायकल घरी आली की बरीच मुलं ती आधी काढून टाकतात, दिसायला बरी दिसत नाही म्हणून. कृपा करून काढू नका. तिच्या पाठीमागे बारीक-बारीक कोपरे ओळीने घडवलेले असतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते तसे. प्रकाश तिन्ही बाजूंवर आपटून आला त्याच दिशेला परत जातो. म्हणून गाडीचा उजेड गाडीवाल्याच्याच डोळ्यांकडे वळतो. २०२० साली केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्तेचा आदेश काढला आणि त्यासाठी आयएसओ ६७४२ हे मानक धरलं. त्यामुळे चांगल्या कंपनीच्या सायकलवरची वडी सहसा खरी असते. सुटी विकत घेतलेली मात्र तपासून घ्या. मी दुकानात मोबाईलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, गालाला टेकवून धरते आणि चार पावलं मागे जाऊन बघते. खरा रिफ्लेक्टर पेटल्यासारखा होतो. खोटा नुसता गुळगुळीत प्लॅस्टिकसारखा चमकतो, आणि टॉर्च डोळ्यापासून हातभर लांब नेला तरी तेवढाच चमकत राहतो. ही चाचणी पुढच्या सगळ्या वस्तूंना लागू आहे.

या वडीची अडचण अशी की चाकात ती एक, फार तर दोन. आमच्या ४० मीटरच्या खुणेवरून एक ठिपका वर-खाली उड्या मारताना दिसला. तो सायकलचा आहे हे मला माहीत होतं म्हणून कळलं. शिवाय तिचा स्क्रू ढिला झाला की ती तिरकी होते आणि मग बाजूच्या उजेडाकडे तिचं तोंडच राहत नाही.

आता नळ्या. बोटाएवढ्या लांब, साधारण ७५ मिलिमीटरच्या, पोकळ, एका बाजूने उभ्या चिरलेल्या. ही चीर स्पोकवर ठेवून अंगठ्याने दाबलं की टक् करून बसते. पाना लागत नाही, गोंद लागत नाही. बारा नगांचं पाकीट मला शंभर-सव्वाशेला मिळालं, आणि छत्तीस नगांचं घेतलं तर नग स्वस्त पडतो. वजन जवळपास नाहीच. दिवसा त्या करड्या दिसतात, लक्षातही येत नाहीत. रात्री उजेड पडला की चाकाच्या कडेला पांढरं कडं उभं राहतं. ६० मीटरच्या खुणेवरून, डिपरवर, मला दोन गोल फिरत जाताना दिसले. दोन गोल एकामागे एक जमिनीलगत चालले आहेत म्हटल्यावर ती सायकलच, डोक्याला विचार करायला वेळच लागत नाही. एवढ्या स्वस्त वस्तूने एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. जर्मनीत सायकलच्या नियमांत बाजूने दिसण्याची सोय सक्तीची आहे. टायरवर किंवा रिमवर पांढरं चकाकतं कडं, नाहीतर प्रत्येक स्पोकवर अशा नळ्या, नाहीतर प्रत्येक चाकात समोरासमोर दोन पिवळ्या वड्या, यातलं काहीतरी असावंच लागतं. आपणही आपल्या सायकलला हा नियम लावून घ्यायला काय हरकत आहे!

बसवताना तीन-चार गोष्टी सांभाळा. स्पोकवर तेल-धूळ असते. मी स्पिरिट लावलेल्या कापसाने प्रत्येक स्पोक पुसला, नाहीतर नळी घसरत-घसरत हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे येते. नळ्या रिमच्या बाजूला, निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटच्या) अलीकडे लावा, म्हणजे गोल मोठा दिसतो. दोन्ही चाकांत सारख्या अंतरावर लावा. माझ्या आणि मुलाच्या सायकलला चाकाला ३६ स्पोक, म्हणून दर तिसऱ्या स्पोकला एक धरली की चाकाला बारा बरोबर लागतात. बाबांच्या अठ्ठावीस इंची सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक आहेत, जुन्या बनावटीच्या सायकलींना असतात तसेच. तिथे बाराचं गणित जुळत नाही, मी पुढे एकाआड एक सोळा आणि मागे वीस लावल्या. तिचे स्पोक जाड असल्याने काही नळ्यांची चीर पूर्ण मिटली नाही, पण पकड उलट घट्टच झाली. मुलाच्या सायकलचे स्पोक बारीक, तिथे एक-दोन नळ्या खडखडायच्या. त्या जागी स्पोकला इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन वर नळी बसवली आणि आवाज बंद झाला.

माझ्या लेडीज सायकलचा एक खास प्रश्न होता आणि तो बायकांनी नीट वाचावा. मागच्या चाकावर ड्रेसगार्ड असतो, आणि कॅरियरला पर्स, डबा, भाजीची पिशवी लटकते. चाकाचा वरचा अर्धा भाग झाकलेलाच. त्यामुळे मागच्या नळ्या अर्ध्याच वेळ दिसतात. यावर मी ड्रेसगार्डच्या बाहेरच्या कडेने आणि चेनकव्हरवर रेडियमची पट्टी लावली. पिशवी उजव्या बाजूला लटकवायची सोडली, डाव्या बाजूला घेतली, कारण मुख्य रस्त्याची बाजू उजवी.

रेडियमबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण त्याच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. नंबरप्लेट नि गाड्यांवर नावं करून देणाऱ्या दुकानांत रंगीत चिकट कागदाचे रोल असतात. त्यातले बरेच नुसते रंगीत आणि चकचकीत. रात्री हेडलाइटसमोर त्यांचा उपयोग शून्याच्या जवळ. दुसरा प्रकार ट्रकच्या बाजूला लावतात तो, ज्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटीची बारीक जाळी दिसते. तो मागा. आमच्या इथल्या दुकानदाराने आधी पहिलाच पुढे केला. ‘ताई, ह्यो बी लई चमकतोय की!’ म्हणाले. मी टॉर्च गालाला लावून त्यांनाच दाखवलं, मग आतून ट्रकचा रोल आला. मीटरच्या भावाने घेतला तरी एका सायकलला अर्धा मीटर पुष्कळ होतो. पुढून पांढरा, मागून लाल, बाजूला पिवळा किंवा पांढरा, हा रंगांचा नियम पाळा. समोर लाल लावला तर समोरच्याला वाटतं आपण पाठमोरे चाललोय.

तिसरा प्रकार कापडी, जॅकेटवर शिवलेली करडी पट्टी असते तो. त्याचा एक तुकडा मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली घेतला. खालचा दिवा उपयोगाचा नाही, कारण मागचा थर प्रकाश आत येऊ देत नाही. वरून टॉर्च मारला आणि काचेचे गोल मणी दिसले, एकमेकांना खेटून, हजारोंनी. लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते आणि ती मी दिवसभर बघते. हे मणी तिच्या कितीतरी पट मोठे होते. प्रत्येक मण्यात प्रकाश शिरतो, मागच्या आरशासारख्या थरावर आपटतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. मग मी त्यावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब टाकला. थेंबाखालचा भाग लगेच मंदावला. मणी उघडे असले की हवा आणि काच यांच्यातला फरकच काम करत असतो, मध्ये पाणी आलं की प्रकाश नीट वळत नाही. जाळीवाल्या टेपला वर प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून त्याला पाण्याने विशेष फरक पडला नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रात्रीचा प्रवास पावसात होतो. तेव्हा सायकलला जाळीवाला टेप, आणि कापडी पट्टी अंगावर, एवढी वाटणी मी करून टाकली. स्पोकच्या नळ्या मात्र पावसात टिकल्या. त्यांना मारते ती चिखलाची साय, ओल्या फडक्याने पुसली की परत पहिल्यासारख्या.

रिफ्लेक्टरबद्दल एवढं चांगलं बोलल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो स्वतः उजेड देत नाही. उजेड पडला तरच परत देतो, आणि देतो तो दिव्याच्या दिशेला. चालकाचे डोळे दिव्याच्या जितके जवळ तितकं त्याला चांगलं दिसतं. स्कुटरवाल्याचे डोळे हेडलाइटच्या थोडेच वर असतात, त्याला झकास दिसतं. ट्रकचा किंवा एसटीचा चालक उंच बसतो, दिवे खाली राहतात, त्यामुळे जवळ आल्यावर त्याच्यापर्यंत परतणारा उजेड कमी होतो. दुचाकीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या फायद्याची झाली आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट गाडी सुरू होताच आपोआप लागतो, तो बंद करायचं बटणच नसतं. तेव्हा गल्लीतून निघणाऱ्या नव्या स्कुटरचा दिवा लागलेला असणारच. पण तो दिवा तुमच्यावर पडतो कधी? ती गल्लीच्या तोंडाशी येते तेव्हा. वळणावरून येणारी, किंवा मुख्य रस्त्यावरून आत वळणारी गाडी घ्या, तिचा उजेड शेवटच्या क्षणापर्यंत दुसरीकडेच असतो. तिथे नळ्या, टेप, वड्या, सगळं गप्प. म्हणून स्वतः पेटणारा काहीतरी दिवा बाजूने दिसायला हवाच, आणि इथे चाकाच्या दिव्यांचा खरा प्रश्न येतो.

सगळ्यात जास्त विकले जातात ते व्हॉल्व्हच्या टोपणातले. बटणसेलवर चालतात, आत एक बारीक स्प्रिंग असते, हादरा बसला की दिवा लागतो. जोडी शंभराच्या आसपास. मुलाला फार हवे होते म्हणून आणले. त्याच्या सायकलचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड, तिथे बसले. बाबांच्या सायकलला रबरी नळीचा जुना व्हॉल्व्ह, तिथे आटेच जुळत नाहीत. तेव्हा घेण्याआधी आपला व्हॉल्व्ह कुठला ते बघा. उजेड एवढासा, तोही रंग बदलत राहणारा. ४० मीटरवरून लाल-हिरवा-निळा ठिपका दिसतो, आणि गणपतीत किंवा दिवाळीत रस्त्याकडेच्या माळांमध्ये तो कुठे हरवतो कळत नाही. सर्वांत वाईट म्हणजे थांबलं की विझतो. उजवीकडे वळायला आपण चौकाच्या मध्यात थांबलोय, सगळीकडून गाड्या चालल्या आहेत, आणि नेमका तेव्हा दिवा बंद. पहिल्या मोठ्या पावसात एकात पाणी गेलं आणि तो कायमचा गेला. हवा भरायला दरवेळी काढायचा, लावायचा, ते वेगळंच.

त्यानंतर आल्या तारेच्या माळा, म्हणजे स्पोकमधून रिमलगत ओवायची बारीक एलईडीची माळ आणि हबला बांधायची सेलची पेटी. दिसायला अप्रतिम. चाक पूर्ण पेटतं आणि ६० मीटरवरून गोल स्पष्ट दिसतो. मुलगा खूष झाला आणि मलाही वाटलं आपलं काम झालं. पण बांधायला वेळ लागतो, प्रत्येक स्पोकला वेढा द्यायचा, आणि वेढा ढिला राहिला तर माळ बाहेर येऊन चाक धरणाऱ्या काट्यात (फोर्कमध्ये) किंवा ब्रेकच्या रबरात अडकू शकते. पंक्चर काढायला टायर उतरवावा लागला तेव्हा सायकलवाल्या काकांनी ‘हे आधी सोडवून आणा’ म्हणून सायकल परत पाठवली, आणि त्यांचं बरोबरच होतं. मिरवणुकीला, एखाद्या रात्रीच्या राइडला ठीक. रोजच्या सायकलला मी लावणार नाही.

मला पटलेला दिवा तिसरा: रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, एकाच रंगाचा, दोन्ही बाजूंनी उजेड दिसणारा, स्पोकमध्ये अडकणारा. पिवळट किंवा पांढरा घ्या, आणि सतत लागणारा किंवा संथ लुकलुकणारा. घाईघाईने लुकलुकणाऱ्याचं अंतर बघणाऱ्याला नीट कळत नाही. हा आपण स्वतः चालू-बंद करायचा असल्यामुळे चौकात थांबलं तरी लागलेलाच राहतो. याच्या चित्राची एक गंमत सांगते, कारण ती उपयोगाची आहे. चाकाच्या कडेला असलेला दिवा वर असताना सायकलच्या जवळपास दुप्पट वेगाने पुढे जातो आणि खाली जमिनीपाशी आला की क्षणभर जागीच थबकतो. म्हणून बाजूने बघणाऱ्याला गोल न दिसता एकापुढे एक कमानी दिसतात. माझ्या सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरला थोडा जास्त, ताशी १५ च्या वेगाला सेकंदाला साधारण दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला दोन कमानी. रस्त्यावर दुसरं काहीच असं हलत नाही. आमच्या चाचणीत स्कुटरचा दिवा बंद ठेवूनसुद्धा ही हालचाल लगेच डोळ्यात भरली. दिवा हबजवळ लावला तर कमानी चपट्या होत जातात आणि नुसता एक ठिपका सरकताना दिसतो.

फक्त कडेला लावायचा तर पक्का बांधा. ताशी २० च्या वेगाला रिमजवळच्या वस्तूवर बाहेरची ओढ तिच्या वजनाच्या नऊ-दहापट असते. वीस ग्रॅमचा दिवा दोनशे ग्रॅमच्या बळाने सुटू बघतो. सोबतची रबरी पकड मला अपुरी वाटली, म्हणून वरून एक केबल टाय मारला. तोल जाईल का अशी शंका असते. आपल्या वेगाला हँडलवर काहीही जाणवत नाही, आणि मनाचं समाधान हवं असेल तर व्हॉल्व्हच्या बरोबर समोर लावा. माझ्याकडचा चपट्या गोल सेलवर चालतो, सीआर २०३२. चार्जिंगवाले महाग आहेत, पण रोज वापरणाऱ्याला तेच परवडतील.

चुंबकावर चालणारे दिवेही असतात, डेन्मार्कच्या रीलाइट कंपनीने ते रुळवले. स्पोकला चुंबक, आसाजवळ दिवा, चाक फिरलं की वीज तयार. सेलच नाही आणि बटणही नाही. ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये असे दिवे देऊन मोठा प्रयोग झाला होता, ३,८४५ सायकलस्वारांवर. ज्यांच्या सायकलला दिवसरात्र लागलेले हे दिवे होते त्यांच्यात इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. मी अजून हे वापरलेले नाहीत म्हणून त्यांना गुण देत नाही. पण बाबांनी ऐकल्याबरोबर मान डोलावली. त्यांनी टायरला घासणारा डायनामो वर्षानुवर्षं वापरलाय, तो चढाला पाय भरून आणायचा. दिवा नसलेली सायकल पोलीस अडवायचे तो काळ त्यांनी पाहिलाय. न घासता वीज मिळते म्हटल्यावर त्यांना ते आणायचेच आहेत.

आता घोट्याच्या पट्ट्या. चाकाबद्दलच्या लेखात त्या का, तर त्यांनी चाकाच्या दिव्याइतकंच काम केलं, आणि तेही पुढून, मागून आणि बाजूने. पॅडल मारताना घोटे सतत वर-खाली होतात आणि माणसाची नजर माणसाची चाल फार लवकर ओळखते. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री चालकांना गाडी चालवायला लावून हे तपासलं, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखला गेला, फ्लोरोसंट जॅकेटमधला १५ टक्के, चकाकत्या पट्ट्यांच्या जॅकेटमधला ५० टक्के, आणि त्याच जॅकेटबरोबर घोट्याला नि गुडघ्याला पट्ट्या असलेला ९० टक्के. हे आकडे मी आमच्या लॅबमधल्या सगळ्या सायकलवाल्यांना ऐकवले आहेत. फ्लोरोसंट रंग दिवसाच्या उजेडावर पेटतो, रात्री त्याच्यावर विसंबू नका. पट्टी रुंद घ्या, वेल्क्रोची, घोट्याच्या हाडाच्या वर बांधा. माझ्यासारख्या सलवार घालणाऱ्यांना तिचा आणखी एक फायदा: पायघोळ कापड चेनमध्ये जात नाही. साडीवाल्या मैत्रिणीला मी पट्टीऐवजी पॅडलच्या दोन्ही कडांना पिवळे रिफ्लेक्टर लावायला सांगितलं, तेही पायाबरोबर तसेच हलतात.

टायरच्या बाजूला चकाकती रेषा असलेले टायर हा यातला सर्वांत देखणा उपाय आहे. मुलाच्या मित्राच्या सायकलला आहेत, रात्री दोन अखंड वर्तुळं दिसतात. पण किमतीच्या मानाने नळ्यांपेक्षा फार जास्त काही हाती लागत नाही. टायर बदलायची वेळ आलीच असेल तर दुकानात चौकशी करा, मुद्दाम चालू टायर काढू नका.

तर सध्या आमच्याकडे असं आहे: तिन्ही सायकलींना नळ्या, माझ्या आणि मुलाच्या पुढच्या चाकाला एकेक पिवळट दिवा, तिघांच्या घोट्यांना पट्ट्या. बाबांच्या मागच्या मडगार्डचं पांढरं शेपूट पुसट झालं होतं, ते पुन्हा रंगवून त्यावर लाल रिफ्लेक्टर बसवला. दिवे सोडून तिन्ही सायकलींचा खर्च एका बऱ्या हॉटेलातल्या चौघांच्या जेवणाएवढा आला.

शेवटी घरात लहान मूल असेल तर एक सांगते, हॉस्पिटलमध्ये काम करणारी बाई म्हणून. हे चपटे गोल सेल मुलांनी गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. दिवा घेताना सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघा, नखाने उघडणारं नको. काढलेला सेल संपला वाटला तरी त्यात थोडा जोर उरलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावरच्या डबीत टाका, आणि मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ हॉस्पिटल गाठा.